खाटेचा टेकू

खालच्या अंगाची फळी फुटली. काँक्रीट खोपटात शिरलं, खाटेच्या जागेवर मांडीभर साचलं, आणि नव्या घराचा पाया कुणाला तरी वेडावून दाखवल्यासारखा जीभ बाहेर काढून बसला.

हे सांगून टाकलं. आता ते झालेलंच नाही असं धरून चालू या. त्या घरात सगळे तसंच धरून चालले होते. आपणच कशाला तोंड वाईट करायचं?

तर सकाळ आहे. फळी जागेवर आहे. आभाळ भरून आलंय, पण पडत नाही. जुनं घर पाडून झालंय आणि घरातली चारही माणसं उताराच्या खालच्या टोकाला पत्र्याच्या खोपटात राहतायत. नवा पाया खोपटाला इतका खेटून आहे की मध्ये माणूस अंग चोरूनच जाऊ शकतो. खोपटाला त्या बाजूने भिंत नाही, पडदा आहे. पडदा कोटाच्या अस्तराचा आहे, कारण घर शिंप्याचं आहे.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. गाव म्हणायचं, बायको म्हणायची, मुलगी म्हणायची आणि जावईही म्हणायचा. जावई घरजावई होता. पाहुणा म्हणून त्याला ताट पहिलं वाढलं जाई आणि घरचा म्हणून तेच ताट त्याला घासायला लागे. नाक्यावर त्याचं पंक्चर काढायचं, हवा भरायचं दुकान होतं. गावात त्याला 'हवा' म्हणत. घरात जावईबापू. दोन्ही हाकांना तो सारखाच दचकायचा.

तो भित्रा नव्हता. त्याला फक्त भीती वाटायची. एकदा ट्रकचं टायर भरताना ते तोंडाजवळ फुटलं होतं. तेव्हापासून डाव्या कानाने बारीक आवाज ऐकू येत नसत, आणि फुगलेली कुठलीही वस्तू दिसली की तो दोन पावलं मागे जायचा. पुरीवाल्याच्या गाडीवर तो कधी पुढे उभा राहत नसे.

त्या सकाळी गवंड्याचा फोन आला. पावसाच्या आधी अख्ख्या गावाला घर पाहिजे होतं आणि गवंडी एकच होता.

"जावईबापू, काँक्रीटची गाडी निघालीय. मी दुसऱ्या कामावर अडकलोय, माणसं पाठवलीत. गाडी यायच्या आत सगळे टेकू हलवून बघा."

"हलवून म्हणजे?"

"हाताने धरायचा, हलवायचा. हलला तर ठोकायचा. नाही हलला तर पुढचा."

"आणि सगळेच हलले तर?"

"मग मला फोन करा." गवंडी म्हणाला. "नको, नका करू. पण ओतायच्या आत तपासा. ओतल्यावर तपासून उपयोग नसतो, तेव्हा नुसतं बघत बसायचं असतं."

मास्तरांनी हे काम लगेच जावयाकडे दिलं. तपासणं हे त्यांच्या मते कामच नव्हतं. काम त्यांनी स्वतः केलं होतं.

झालं होतं असं की जमिनीला उतार. वरच्या अंगाला पाया वीतभर उंच, तर खालच्या अंगाला मांडीइतका. चहूबाजूंनी फळ्या उभ्या केलेल्या, फळ्यांना बाहेरून तिरके टेकू, टेकूंचे पाय जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना. आत सळ्यांची जाळी. काँक्रीट घट्ट होईपर्यंत ह्या फळ्यांनी त्याला धरून ठेवायचं. खालच्या अंगाला मधोमध फळ्या कमी पडल्या. "एक रुंद फळी आणा, लांब खिळे मारा, टेकू जमिनीत चांगला गाडा," असं सांगून गवंडी निघून गेला. मास्तरांनी फळी आणली नाही. त्यांनी दुकानातलं कटिंगचं टेबल आणलं.

टेबल देखणं होतं. मास्तरांचं सगळं आयुष्य त्यावर कापलं गेलं होतं. त्यांनी त्याचे पाय काढले आणि ते लांब कडेवर उभं केलं. ते त्या फटीत बरोब्बर बसलं. माप चुकायला ते काय रेडिमेडवाले होते?

फक्त टेबलाला खिळा मारायचा नव्हता. "उद्या यावर रेशीम पसरायचंय मला," मास्तर म्हणाले होते. "खिळ्याच्या भोकात धागा अडकला की अख्खं कापड वाया." मग त्यांनी शेजारच्या फळ्यांना भोकं पाडली, त्यांतून नवारीच्या जाड सुती पट्ट्या ओवल्या, टेबल मधे आवळलं आणि मेण लावलेल्या दोऱ्याने नवारीवर टाके घातले. कच्चा टाका. काम झालं की उसवायचा.

आणि मास्तरांचा टाका ओढून बघायचा नाही, हा घरातला कायदा होता. एका गिऱ्हाइकाने दुकानात पँटची शिवण ओढून पाहिली, तेव्हा मास्तरांनी ती पँट परत घेतली ती घेतलीच. गिऱ्हाईक कुणाच्या तरी शाळेच्या हाफपँटमध्ये घरी गेलं.

जावई वरच्या अंगापासून सुरू झाला. टेकू धरला, हलवला. नाही हलला. पुढचा. नाही हलला. त्याची बायको चहाचा कप घेऊन आली आणि बघत उभी राहिली.

"ओळख करून घेताय का सगळ्यांशी?"

"तपासतोय."

"मग नाव पण विचारा. पुढे उपयोगी पडतं."

तो हसला, कारण तो हसेल म्हणून ती उभी होती. कप त्याने फळीवर ठेवला. खालच्या अंगाची माती त्याला इथूनच दिसत होती. जुन्या घराचा राडारोडा टाकून तयार केलेला भराव. त्यावर परवाचा अवकाळी पाऊस पडून गेलेला.

खालच्या अंगाला पहिलीच खुंटी हलत्या दातासारखी हातात आली. त्याने ती परत घातली, दगडाने ठोकली. ती आत गेली. अजून ठोकली, अजून आत गेली. लोण्यात सुरी जावी तशी ती जातच राहिली आणि शेवटी तिचं डोकं दिसेनासं झालं. मग त्याने दुसरी ठोकली. तिच्या बुडाशी विटांचे तुकडे कोंबले. हलली, पण कमी हलली. तशा त्या बाजूच्या सगळ्या खुंट्या त्याने विटांनी कोंबल्या. हात सोलले.

मधला टेकू राहिला. टेबलाचा टेकू. ती चांगली जाड लाकडी बल्ली होती. टेबलाच्या पाठीवरून तिरकी खाली येऊन पडद्याखालून खोपटात गेली होती. त्याने ती धरली आणि हलवली.

"कोण आहे ते?" पडद्यामागून आवाज आला. "हलवू नका म्हटलं ना!"

जावयाने पडदा वर केला.

बल्लीचं दुसरं टोक सासूबाईंच्या खाटेला टेकलं होतं. लोखंडी खाट, तिच्या कडेच्या पट्टीला बल्लीचं टोक, लोखंडाला ओरखडा नको म्हणून मध्ये उशी. आणि खाटेवर, पडद्याकडे तोंड करून, गुडघ्यांवर गोधडी घेऊन, सासूबाई. खाटेचे पाय त्यांच्या वजनाने मातीत चांगले रुतले होते.

"आई," जावई म्हणाला. "हे काय?"

"टेकू."

"खाट?"

"खाट कशाला? मी." सासूबाईंनी पदर सारखा केला. "भरावात खुंटी टिकेना. मास्तर काल सगळीकडे ठोकून आले. मग आज पहाटे मीच म्हटलं, अहो, मी दिवसभर इथेच असते, मला कुठे जायचंय? लावा मला."

"आई, उठा तुम्ही. गाडी येतेय."

"म्हणून तर बसलेय."

"फळी फुटली तर सगळं अंगावर येईल तुमच्या."

"मी बसल्यावर फुटेल कशी?"

त्या टेकू होत्या म्हणून फळी फुटणार नव्हती, आणि फळी फुटली तर सगळ्यात आधी त्यांच्यावर. जावयाने दोनदा विचार करून पाहिला. दोन्ही वेळा सासूबाई खाटेवरच राहिल्या.

"जावईबापू," सासूबाई हळूच म्हणाल्या, "गुडघे गेल्यापासून मला ह्या घरात कुणी एक काम सांगितलं नाही. भाजी निवडायला देतात, ती पण मी निवडून झाल्यावर पोरगी परत निवडते. मला दिसत नाही असं वाटतं तिला. आज अख्खं घर माझ्यावर टेकलंय. जरा बसू द्या."

तो धावत मास्तरांकडे गेला. मास्तर गळ्यात टेप अडकवून वरच्या अंगाला उभे होते, लग्नात उभे असावेत तसे.

"मास्तर, टेबलाला चार खिळे मारू."

"नाही."

"दोन."

"जावईबापू, मी तुमच्या ट्यूबला शिवण घालायला येतो का?"

"निदान दुसरा टेकू लावू. आईंना उठवू आणि..."

"लावून आलोय मी सगळीकडे. ह्या भरावात ती खाट जेवढी रुतलीय तेवढी पक्की खुंटी गावात दुसरी नाही." मास्तरांनी आवाज खाली आणला. "आणि ती खूश आहे. पाहिलंत ना तोंड? किती दिवसांनी."

हे खरं होतं, आणि त्याचीच पंचाईत होती.

जावयाने तरीही एक जुनी वाशाची बल्ली ओढत आणली, टेबलाला लावली आणि पायाशी मोठा धोंडा ठेवला. हात काढला. धोंडा नमस्कार केल्यासारखा सरकला आणि बल्ली त्याच्या पायावर पडली. तो लंगडत उभा राहिला तोच फोन वाजला. गवंडी.

"तपासलं का?"

समोर मास्तर. मागे पडदा. पडद्यामागे सासूबाई ऐकत असणार.

"हो," जावई म्हणाला.

"हलतंय काही?"

"एक टेकू... बसलेला आहे."

"बसला म्हणजे चांगलंच की," गवंडी म्हणाला आणि फोन ठेवला.

तेवढ्यात गाडी आली. भली मोठी, पोटात गरगर फिरणारी. ड्रायव्हरने काच खाली केली.

"कुठे ओतायचं?"

"जरा थांबता का?" जावई म्हणाला.

"मी थांबतो हो. माल थांबत नाही. गाडीत घट्ट झाला तर तुमचं घर मला कायमचं घेऊन फिरावं लागेल."

मास्तरांनी हात वर केला. गाडीची पन्हाळी लागली. काँक्रीट घरंगळत आत उतरलं.

वरच्या अंगाला सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. माणसं फावड्यांनी ओढत होती, मास्तर "इकडे थोडं, काठाला थोडं" करत होते, जसं काही बाहीचं माप देत होते. पण उतार म्हणजे उतार. माल हळूहळू खाली यायला लागला. जावई खालच्या अंगाला, पाया आणि खोपट यांच्या फटीत, अंग चोरून उभा होता. तळहात टेबलाच्या पाठीवर. आधी लाकूड कोरडं लागलं. मग गार. मग एका माणसाने माल बसवायला व्हायब्रेटर घातला, मालातून घूं घूं आवाज फिरला आणि टेबलाने त्याच्या हाताला ढकललं.

त्याने हात काढला. मान तिरकी करून कडेवरून पाहिलं. मधोमध पोट आलं होतं. थोडंसंच. जेवण झालेल्या माणसाला येतं तेवढं.

"थांबवा!" तो ओरडला. "फुगलंय!"

"काय फुगलंय?" मास्तर वरून.

"टेबल!"

"टायर फुगतं, जावईबापू! टेबल नाही फुगत!"

माणसं हसली. व्हायब्रेटर चालूच राहिला. जावयाला हे पोट ओळखीचं होतं. टायरला कडेला असं पोट आलं की ते किती वेळ टिकेल हे कुणीच सांगू शकत नाही. कधी गिऱ्हाईक त्यावर अख्खा गाव फिरून येतं. कधी तुम्ही नुसतं बोट लावता.

तो पडद्याखालून आत शिरला.

सासूबाई ताठ बसल्या होत्या. एका हाताने खाटेची पट्टी धरलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली. पट्टीवरची उशी चपटी झाली होती आणि बल्लीचं टोक तिच्यात रुतलं होतं. खाटेचे पाय मातीत होते, पण पायांभोवतीची माती एका बाजूने उकरल्यासारखी वर आली होती.

"आई, उठता?"

"आत्ता? आत्ता तर माझं काम सुरू झालंय."

"खाट सरकतेय."

"मग तुम्ही पण बसा. वजन वाढेल."

आणि जावई बसला. का बसला हे त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. सासूने बसा म्हटलं की बसायचं, एवढी सवय असेल. दोघं शेजारी शेजारी बसले, प्रवासाला निघाल्यासारखे, समोर अस्तराचा पडदा. पडद्यामागे टेबल. टेबलामागे सगळं घर, ओलं. पडदा हलत होता. वारा नव्हता.

"घर झालं की मला पुढच्या खोलीत ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "रस्ता दिसेल अशी."

"हो."

"मागच्या नको."

"नाही ठेवणार मागे."

खाट कुरकुरली आणि बोटभर मागे सरकली. जावयाने पाय मातीत रोवले. पडदा आता टेबलाला टेकला होता, आणि अस्तरावर ओला डाग उमटला, एक, मग खाली दुसरा.

जावई मनात जुळवत होता. आईंना उठवलं तर फळी फुटणार, नक्की. नाही उठवलं तर कदाचित फुटणार नाही. त्या 'कदाचित'वर सासूबाई बसल्या होत्या. आणि फुटली नाही, तर तो जन्मभर शहाणा ठरणार होता. उठवलं आणि फुटली, तर हवेने घर पाडलं असं गाव म्हणणार होतं, आणि ते खोटंही नसणार होतं.

त्याला टायर फुटलं तो दिवस आठवला. तेव्हाही पोट दिसलं होतं. तेव्हाही गिऱ्हाईक म्हणालं होतं, भर रे, काही होत नाही.

तो उठला, सासूबाईंच्या मागे गेला आणि त्यांच्या काखेत हात घातले.

"जावईबापू! सोडा!"

"नाही."

"मास्तरऽऽ! अहो, हे बघा काय करतायत!"

त्या दोन्ही हातांनी पट्टी धरून राहिल्या. त्याच्या दुप्पट वजन होतं आणि चौपट जिद्द. सरळ ओढून निघेनात. मग त्याने टायर रिममधून काढतात तसं केलं. आधी एक अंग उचललं, मग दुसरं, मग एकदम झटका. सासूबाईंची बोटं सुटली. दोघंही मागे उताणे पडले, पत्र्याची पेटी वाजली, आणि रिकामी खाट क्षणभर नुसती उभी राहिली.

त्याने कानांवर हात ठेवले. तो धमाक्याची वाट बघत होता.

धमाका झाला नाही. कापड फाटल्याचा आवाज आला. लांबलचक, सावकाश, दुकानात तागा फाडतात तसा. मग पडदा आत आला, टेबल आत आलं, बल्लीने खाट उचलून उभी केली आणि मागून सगळं करडं, जड, गुपचूप आत शिरलं. खाट ज्या जागी होती ती जागा भरली. नंतर ते त्यांच्या पायांकडे येऊ लागलं. जावई सासूबाईंना काखेतून धरून मागे मागे सरकत राहिला, पत्र्याच्या दारातून बाहेर, मोकळ्या वावरात, आणि तिथेही थांबला नाही. बायकोने येऊन हात धरला तेव्हा थांबला.

सासूबाईंच्या टाचेला थोडं काँक्रीट लागलं होतं. बाकी कुणाला काही झालं नव्हतं.

मास्तर आले. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग तसेच बराच वेळ तिच्या टाचेकडे. त्यांनी गळ्यातला टेप काढून खिशात घातला. मग ते खाली वाकून टेबल पुसू लागले. टेबलाला एक ओरखडा नव्हता.

"टाका तुटलेला नाही," ते म्हणाले. त्यांच्या हातात नवारीचा तुकडा होता. "बघा. नवार फाटलीय. टाका जागेवर आहे."

कुणीच बघितलं नाही.

"धरलं होतं तिने," मास्तर म्हणाले. "उठवली नसती तर धरलं असतं."

गवंड्याची माणसं फावडी टेकून उभी होती. त्यांनी माना हलवल्या. ड्रायव्हर गाडी धुवायला पाणी मागत होता. जावयाच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं, काही म्हणणार होती, पण आईच्या टाचेवरचं काँक्रीट वाळायला लागलं होतं, म्हणून आधी पाणी आणायला गेली.

आणि मग ते ठरलंच. गावात, नाक्यावर, गवंड्याच्या दुसऱ्या कामावर. खालच्या अंगाची फळी का फुटली? जावयाने टेकू उठवला म्हणून. हवा भरायला येणारी माणसं विचारायची, "काय हवा, बसलेल्याला उठवायची सवय गेली का?" तो हसायचा आणि प्रेशर बघायचा.

काँक्रीट घट्ट झालं. खोपटातला ढीग फोडायला माणूस मिळेना. खाटेचे दोन पाय त्यात गाडलेले, दोन आकाशाकडे. सासूबाई आता दुसऱ्या खाटेवर, वावराच्या कडेला ताडपत्रीखाली बसायच्या. त्या जावयाशी बोलत नव्हत्या. तो रोज त्यांना चहा नेऊन द्यायचा, उजवा कान त्यांच्याकडे करून जरा उभा राहायचा, आणि परत यायचा.

एक दिवस त्यांनी कप परत देताना सोडला नाही.

"टाके तुटत होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"काय?"

"पडद्यामागे. टच... टच. एकेक. तुम्ही यायच्या आधीपासून. शिंप्याची बायको आहे मी, दोरा तुटल्याचा आवाज कळतो मला. टाके माझ्या डाव्या अंगाला तुटत होते आणि तुम्ही माझ्या उजवीकडे बसलात, तुमचा अधू कान तिकडे. तुम्हाला काही ऐकू आलं नसणार."

जावई त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर उठावं लागलं असतं." त्यांनी कप सोडला. "आणि मास्तरांना सांगू नका. टाक्याचं त्यांना सहन व्हायचं नाही."

त्याने सांगितलं नाही.

संध्याकाळी मास्तरांनी त्याला बोलावलं. पाया पुन्हा ओतायचा होता, पण मास्तरांना त्याआधी दोष कुणाचा ते सरकारी शिक्क्यानिशी ठरवून हवं होतं. घरात अक्षर जावयाचंच चांगलं; 'येथे हवा भरून मिळेल' ही पाटी त्याचीच. त्याने गुडघ्यावर कागद घेतला. मास्तर सांगत गेले, सासूबाई पलीकडून दुरुस्त्या करत गेल्या, शेवटचं वाक्य तर त्यांचंच, आणि त्याने एकही शब्द इकडचा तिकडे न करता लिहिलं:

मा. बांधकाम अधिकारी साहेब यांचे सेवेशी.

विषय: सदर दिवस पुन्हा मिळण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करण्यात येतो की, अर्जदाराच्या घराच्या पायाची फळी खालच्या अंगास फुटली असून, सदर फळी आपोआप फुटली की टेकू उठवल्यामुळे फुटली याबाबत कुटुंबात एकमत नाही. तरी सदर दिवस, सदर काँक्रीट व सदर भराव यांसह पूर्ववत करून, टेकू न उठवता काम पुन्हा एकदा करून पाहण्याची परवानगी मिळावी. टेकू म्हणून बसण्यास अर्जदाराच्या पत्नीची संमती आहे. अर्ज लिहिणाऱ्या जावयास त्या दिवशी आवाराबाहेर ठेवण्यात यावे. मात्र तो आत आलाच, तर त्यास अडवू नये.